कृत्रिम सांध्याचा जमाखर्च

बालाघाट जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, महाराष्ट्राच्या सीमेलगत, कटंगी हे तालुक्याचे गाव आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर आणि भंडारा हे जिल्हे मुंबई राज्याकडे गेले व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. परंतु दुखणे मोठे झाले की या भागातील माणूस आजही तिरोडी-तुमसरच्या बाजूने नागपूरची वाट धरतो. मुलूख धानाचा. पावसाळ्यात बांध्यांमधून गुडघाभर चिखलात उभे राहून, कमरेत वाकून रोवणी करायची. घरी आल्यावर उकिडवे बसून चूल, भांडी, सारवण करायचे. आणि हे चाळीस-पन्नास वर्षे करायचे. अशा आयुष्याच्या शेवटी गुडघे बोलू लागतात यात नवल नाही. दीर्घकाळ उकिडवे बसण्याचा आणि गुडघ्याच्या झिजेचा संबंध अभ्यासकांनी दाखविलेलाच आहे.

पूर्वी या दुखण्याला औषध तेलाचे आणि शेकाचे. आता 'गुडघा बदलून घ्या' असा सल्ला तालुक्याच्या गावातही ऐकू येतो. तो ऐकल्यावर म्हाताऱ्या बाईच्या तोंडून जो पहिला प्रश्न निघतो, तो 'किती दिवस जगेन' असा नसतो. 'मला पुन्हा खाली बसता येईल का?' असा असतो. हा प्रश्न शल्यशास्त्राच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर देता यावे म्हणून हे शास्त्र आज जेथे उभे आहे तेथे कसे आले, हे सांगण्याचा आज विचार आहे. सुश्रुताचे नाव येथे ओढूनताणून आणण्याचे कारण नाही. ही विद्या अर्वाचीन आहे, आणि तिचा इतिहास यशापेक्षा अपयशाच्या नोंदींनी अधिक घडलेला आहे.

पहिले नाव घ्यावे लागते ते थेमिस्टोक्लीस ग्लुक या जर्मन शल्यविशारदाचे. १८९० साली बर्लिनमध्ये त्याने क्षयाने खाल्लेल्या गुडघ्याच्या जागी हस्तिदंताची बिजागरी बसविली. राळ, प्युमिस दगडाची भुकटी आणि प्लॅस्टर यांचे मिश्रण करून ती हाडात पक्की करण्याची त्याची युक्ती होती. प्रारंभी रुग्ण हिंडू-फिरू लागले. पुढे आतील जुना रोग उफाळला, पू झाला आणि सांधे काढावे लागले. ग्लुकची कल्पना काळाच्या फार पुढे होती हे सगळेच सांगतात. मला त्याचा मोठेपणा दुसऱ्या गोष्टीत दिसतो. क्षयाने किंवा जंतूंनी दूषित झालेल्या सांध्यात असे उपकरण बसवू नये, हे त्याने स्वतःच नंतर उघडपणे बजावले. आपल्याच शोधाविरुद्ध साक्ष देणारे वैद्य कोणत्याही काळात थोडेच.

त्यानंतरची पन्नास-साठ वर्षे खुब्याच्या सांध्यावर प्रयोग झाले. बोस्टनचा स्मिथ-पीटरसन याने १९२३ मध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्यावर काचेची टोपी बसवून पाहिली, ती फुटे. १९३८ मध्ये त्याने विटॅलियम नावाच्या मिश्रधातूची टोपी वापरली. त्याच वर्षी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात फिलिप वाइल्स याने पोलादाचा संपूर्ण खुबा सहा रुग्णांना बसविला. पण पाठोपाठ महायुद्ध आले आणि त्या रुग्णांच्या नोंदीच हरवल्या. पॅरिसच्या झुडे बंधूंनी युद्धानंतर अॅक्रिलिकचा गोळा प्रचारात आणला. तो काही काळ बरा चाले, मग झिजे आणि सैल होई. आणि काहींचा खुबा चालताना चक्क कुरकुरे. अशा एका कुरकुरणाऱ्या खुब्याच्या रुग्णाची कथा इंग्लंडमध्ये एका तरुण शल्यविशारदाच्या कानी आली. घरातली माणसे त्या आवाजाला कंटाळली होती म्हणतात. ऐकणाऱ्याने मात्र त्यातून एक प्रश्न उचलला: निसर्गाचा सांधा कुरकुरत नाही, मग हा का कुरकुरतो?

हा शल्यविशारद म्हणजे जॉन चार्नली. लँकेशायरमधील रायटिंग्टन या एकेकाळच्या क्षयरुग्णालयात त्याने आपली प्रयोगशाळा थाटली. कुरकुर म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे उपकरण हाडातून उखडणारा जोर, हे त्याने ताडले. निरोगी सांध्यातील घर्षण त्याने प्रत्यक्ष मोजले. बर्फावरून घसरणाऱ्या पोलादाच्या घर्षणाहूनही ते कमी भरले. तेव्हा गोळा जितका लहान तितकी घसट कमी, असा हिशेब करून त्याने सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा छोटा धातूचा गोळा ठरविला. तो दातांच्या वैद्याकडील अॅक्रिलिक सिमेंटने मांडीच्या हाडात बसविला. हे सिमेंट डिंकासारखे चिकटत नाही, गवंड्याने दगडांच्या फटीत भरलेल्या चुन्यासारखे ते पोकळी भरून भार वाटून देते. आता प्रश्न उरला तो वाटीचा. गोळा ज्या वाटीत फिरायचा, ती कशाची करावी?

चार्नलीने निवडले टेफ्लॉन. अत्यंत गुळगुळीत आणि रसायनांना न जुमानणारे हे द्रव्य पाहून त्याला वाटले, कोडे सुटले. १९५८ पासून सुमारे ३०० रुग्णांना त्याने टेफ्लॉनची वाटी बसविली. वर्षानुवर्षे खाटेला खिळलेली माणसे चालू लागली, वेदना जादूने काढून घ्यावी तशी गेली. दोन-तीन वर्षे लोटली आणि मग एकेक रुग्ण परत येऊ लागला. टेफ्लॉन झिजत होते. झिजेची बारीक भुकटी भोवतालच्या मांसात साचून गाठी होत होत्या, हाड पोखरले जात होते. चार्नलीने काय केले? ती भुकटी त्याने सुईने आपल्या स्वतःच्या मांडीत टोचून घेतली आणि नऊ महिन्यांनंतर तेथे हाताला लागणाऱ्या गाठी सापडल्याचे प्रसिद्ध करून टाकले. ज्या रुग्णांचे खुबे बिघडले त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे कष्टाचे कामही त्याने स्वतःकडे घेतले.

पुढचा भाग एखाद्या गिरणगावातल्या माणसाला अधिक जवळचा वाटेल. लँकेशायर म्हणजे सूतगिरण्यांचा मुलूख; मुंबई-नागपूरच्या गिरण्यांतले माग ज्या मुलखातून आले तोच. मागाला लागणारी प्लॅस्टिकची दातेरी चाके विकणारा एक फिरता विक्रेता १९६२ च्या मे महिन्यात चार्नलीच्या प्रयोगशाळेत आला. ते द्रव्य होते अतिघन पॉलिएथिलीन. चार्नलीने त्यात अंगठ्याचे नख रोवून पाहिले आणि ते नापसंत करून तो निघून गेला. त्याचा कारागीर हॅरी क्रेव्हन मात्र हट्टी निघाला. साहेब परदेशी गेले असताना त्याने तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढविला आणि यंत्र चालू ठेवले. तीन आठवड्यांत झालेली झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेइतकीही नव्हती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात चार्नलीने पॉलिएथिलीनची पहिली वाटी बसविली. परंतु दुधाने पोळलेल्या या माणसाने आता ताकही फुंकून पिण्याचे ठरविले होते. आपल्या हाताखाली शिकल्याखेरीज इतर शल्यविशारदांना ते उपकरण मिळू नये, आणि काही वर्षांचा अनुभव पदरी आल्यावाचून त्याचा प्रसार करू नये, असा त्याचा आग्रह होता. मृत्यूनंतर तो सांधा तपासणीसाठी परत मिळावा, अशी संमतीही तो रुग्णांकडून मिळवीत असे. चार्नलीला पुढे 'सर' ही पदवी मिळाली आणि १९८२ साली तो वारला. पण आज जगभर बसविल्या जाणाऱ्या बहुतेक सांध्यांत त्या गिरणीच्या चाकाचा वंशज, म्हणजे सुधारलेले पॉलिएथिलीन, आहेच.

जंतूंचा बंदोबस्त हे त्याचे दुसरे कार्य. प्रारंभी त्याच्याकडील शंभरांपैकी सातांहून अधिक रुग्णांच्या खुब्यात पू होई. शस्त्रक्रियेच्या खोलीतील हवेतून जंतू जखमेत पडतात हे ओळखून त्याने गाळलेल्या हवेची बंदिस्त खोली उभारली, शल्यविशारदांना डोक्यापासून पायापर्यंत झाकणारे आणि उच्छ्वास नळीवाटे बाहेर नेणारे पोशाख घातले, आणि हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आणले. आज प्रतिजैविकांची जोड मिळूनही चांगल्या रुग्णालयांत ते शंभरात एक-दोनच्या आसपास राहते. शून्य कोठेही नाही, आणि शून्य आहे असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. त्याची रचना त्या मानाने सोपी. गुडघा नुसता वाकत नाही, तो वाकताना मागे घसरतो आणि किंचित वळतोही. म्हणून गुडघ्याला यश उशिरा आले. १९७४ साली न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये इन्सॉल, रानावत आणि वॉकर नावाचे अभियंते यांनी जो 'टोटल काँडिलर' गुडघा बसविण्यास प्रारंभ केला, तो आजच्या बहुतेक गुडघ्यांचा मूळपुरुष होय. मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर पॉलिएथिलीनची बैठक, दोहोंमध्ये बिजागरी नाही. यांतील डॉ. चित्तरंजन रानावत मध्य प्रदेशातच जन्मले आणि इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १० ऑक्टोबर २००० रोजी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांनी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला आणि ७ जून २००१ रोजी उजवा. वाजपेयींचे वय पंचाहत्तरीचे होते. ही शस्त्रक्रिया म्हणजे काय हे हिंदुस्थानातील खेड्यापाड्यांना प्रथम कळले ते या बातमीने. पंतप्रधान बदललेल्या गुडघ्यांनी कारभार करू शकतात, तर आपल्या आईला देवळाच्या पायऱ्या का चढता येऊ नयेत, असा विचार अनेक घरांत झाला असेल.

तो विचार बराचसा खरा आहे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात अनेक देशांच्या नोंदवह्यांवर आधारलेला हिशेब प्रसिद्ध झाला. त्यानुसार संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी शंभरातील सुमारे ८२, आणि खुब्यांपैकी सुमारे ५८, पंचवीस वर्षांनंतरही जागेवर होते. औषधांच्या जगात इतके दीर्घ टिकणारे फळ क्वचितच मिळते. परंतु टिकणे वेगळे आणि समाधान होणे वेगळे. गुडघा बदललेल्या पाच जणांपैकी साधारण एक जण आपण पूर्ण समाधानी नसल्याचे सांगतो. सांधा उत्तम बसलेला असतो, क्ष-किरण चित्र निर्दोष असते, तरी कोणाला चमक राहते, कोणाला जडपणा, कोणाला पायऱ्या उतरताना भीती. यांतील काही जणांच्या बाबतीत दोष शस्त्रक्रियेचा नसून तिच्याकडून केलेल्या अपेक्षेचा असतो. आणि अपेक्षा नीट समजावून देणे हे रुग्णाचे नव्हे, वैद्याचे काम आहे.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येऊ. खाली बसता येईल का? पाश्चात्त्य देशांत हे उपकरण घडले तेव्हा खुर्चीवर बसणे आणि जिना चढणे एवढेच डोळ्यांपुढे होते. आपल्याकडे पाट आहे, पंगत आहे, नमाज आहे, शेतातले निंदण आहे. ब्रह्मदेशातील मंडाले येथे डॉ. सान बॉ यांनी १९६० पासून मोडलेल्या खुब्यांना हस्तिदंताचे गोळे बसविले आणि ते रुग्ण उकिडवे बसू शकतात हे १९६९ मध्ये लंडनच्या शल्यविशारदांना दाखविले. पण तो अर्धा खुबा होता, गुडघा नव्हे. पुण्याच्या डॉ. कांतीलाल संचेती यांनी भारतीय बांध्याचा आणि बैठकीचा विचार करून 'इंडस' नावाचा गुडघा तयार केला. गुडघा अधिक वाकावा म्हणून परदेशी कंपन्यांनीही निराळे नमुने काढले. एवढे होऊनही साधारण अनुभव असा की, शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल हे उपकरणाच्या जाहिरातीपेक्षा शस्त्रक्रियेपूर्वी तो किती वाकत होता यावर अधिक अवलंबून असते. पुष्कळांना सुखाने चालता येते, पायऱ्या चढता येतात, खुर्चीवर आणि कमोडवर बसता येते. मांडी घालून बसणे काहींना साधते. तासन्‌तास उकिडवे बसणे मात्र साधले तरी डॉक्टर करू नका म्हणतील, कारण त्या स्थितीत पॉलिएथिलीनच्या कडेवर भार एकवटतो. तेव्हा उत्तर असे: वेदना जाईल, चूल ओट्यावर घ्यावी लागेल. हे ज्या घरात आधी बोलले जाते तेथे नंतर तक्रार कमी होते.

जोखमीचा विचार करताना केवळ शस्त्रक्रियेच्या दिवसाचा विचार करून चालत नाही. भूल देण्यापासून होणारा धोका वृद्ध, हृदयरोगी आणि मधुमेही यांना अधिक असतो. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध देतात आणि रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आधाराने उभे करतात. पोटरी एकाएकी सुजली किंवा दम लागला तर सकाळपर्यंत थांबू नये. जंतू तर वर्षांनंतरही येऊ शकतात: किडलेल्या दाढेतून, मूत्रमार्गातून, पायाच्या जखमेतून. धानाच्या प्रदेशात पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत ज्या चिखल्या होतात, त्या आपण किरकोळ समजतो. शल्यविशारद मात्र त्या बऱ्या झाल्याशिवाय गुडघ्याला हात लावीत नाही, आणि ते बरोबर आहे. आत पू झाला तर सांधा काढून, महिनोन्‌महिने औषधे देऊन, पुन्हा दुसरा बसवावा लागतो. आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा कठीण, खर्चाची आणि कमी खात्रीची असते.

बरे होण्याचे काम तर बहुतांशी घरीच होते. टाके दोन आठवड्यांच्या सुमारास निघतात, महिना-दीड महिन्यात वॉकर सुटून काठी येते, तीन महिन्यांत माणूस आपल्या पायावर विश्वास टाकू लागतो. सूज आणि उष्णता पूर्ण उतरायला कित्येकदा वर्ष लागते. या काळात मांडीचे स्नायू घट्ट आवळणे, टाच ओढून गुडघा वाकविणे आणि तो सरळ करणे हे व्यायाम दिवसातून अनेकदा करावे लागतात. ते दुखतात. मायेची माणसे म्हणतात, 'राहू दे, आई, उद्या कर.' गुडघ्याखाली मऊ उशी देतात. तिने बरे वाटते खरे, पण पाय कायमचा किंचित वाकलेला राहण्याचा संभव वाढतो. शहरात शुश्रूषेसाठी व्यायामतज्ज्ञ घरी येतो. कटंगीच्या भोवतालच्या खेड्यांत तो कोठून यावा? तेथे घरातील एका माणसाने रुग्णालयातच ते व्यायाम शिकून घेणे हाच उपाय आहे. रोवणीच्या किंवा कापणीच्या तोंडावर शस्त्रक्रिया ठरवू नये, हा सल्ला कोणत्याही ग्रंथात नाही. पण घरातले हात तेव्हा शेतात असतात.

आतापर्यंत वृद्धांविषयी बोललो. या प्रदेशात मात्र दुसरा एक रुग्ण आहे आणि तो तरुण आहे. विदर्भ, बालाघाट आणि छत्तीसगड या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग आढळतो; नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाची नोंद १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध केली होती. या रोगात कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या की तो गोळा आतून मरतो आणि खचतो. मग विशी-तिशीतला मुलगा लंगडू लागतो. त्याला खुबा बदलून देता येतो, वेदना थांबते; परंतु शस्त्रक्रियेत रक्त, प्राणवायू, पाणी आणि शरीराची ऊब यांची फार काळजी घ्यावी लागते, नाहीतर रोगाचा झटका येतो, आणि जंतुदोषाचे भयही अधिक असते. त्याशिवाय, पंचवीस वर्षांनी शंभरातील ५८ खुबे टिकतात हा आकडा सत्तरीच्या माणसाला आशीर्वाद आहे. पंचविशीच्या तरुणाला तो सांगतो की आयुष्यात आणखी एकदा, कदाचित दोनदा, या टेबलावर यावे लागेल. म्हणून अशा मुलाचे दुखणे लवकर ओळखून, गोळा खचण्यापूर्वी तो वाचविण्याचे उपाय करणे अधिक मोलाचे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्या तपासणीत ज्याला रोग असल्याचे कळले, त्याच्या जांघेतल्या दुखण्याकडेही त्याच दिवशी पाहिले गेले पाहिजे.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती कटू आहे. खुबे तरुणांना अधिक वर्षे पुरावेत म्हणून धातूवर धातू फिरणारे सांधे पुन्हा प्रचारात आले. त्यांपैकी डीप्यू या कंपनीचा 'एएसआर' नावाचा खुबा पाच वर्षांत साधारण आठांपैकी एका रुग्णात बदलावा लागला. घासलेल्या कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात आणि मांसात उतरत होते. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून प्रत्येक कृत्रिम सांध्याची राष्ट्रीय नोंद होत असल्याने तेथे हा दोष लवकर उघड झाला आणि २००९ च्या अखेरीस तो खुबा त्या बाजारातून गेला. जगभरातून तो परत घेतला गेला ऑगस्ट २०१० मध्ये. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसविले गेले होते. पुढे केंद्र सरकारने समिती नेमली, २०१८ मध्ये नुकसानभरपाईचे सूत्र ठरले. पण त्या रुग्णांतील बहुसंख्यांचा ठावठिकाणाच लागला नाही. चार्नलीने आपले तीनशे रुग्ण एकेक करून परत बोलावले, ते त्याच्याजवळ त्यांची नावे होती म्हणून. स्वीडनने गुडघ्यांची नोंदवही १९७५ मध्ये आणि खुब्यांची १९७९ मध्ये सुरू केली. आपल्याकडे शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आहे, ती ऐच्छिक आहे. नागपूरला बसविलेल्या आणि बालाघाट जिल्ह्यात चालणाऱ्या गुडघ्याचे दहा वर्षांनी काय झाले, हे सक्तीने विचारणारे कोणी नाही.

पैशाचा भार मात्र हलका झाला आहे. १६ ऑगस्ट २०१७ रोजी औषध मूल्य प्राधिकरणाने गुडघ्याच्या उपकरणाची कमाल किंमत बांधून दिली. सर्वाधिक वापरात असलेल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला, करावाचून, ५४,७२० रुपये. तत्पूर्वी त्याच गुडघ्यासाठी सरासरी दीड लाखाहून अधिक आकारले जात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतही ही शस्त्रक्रिया आहे. त्यामुळे, पूर्वी ज्या घरांना हा विचार करणेच परवडत नव्हते, तेथून माणसे आता निघतात.

त्यांनी परत येताना एक कागद मागून आणावा. शस्त्रक्रियेच्या वेळी उपकरणाच्या वेष्टनावरील चिठ्ठ्या काढून रुग्णाच्या कागदपत्रांवर चिकटवितात. तीवर कंपनीचे नाव, माप आणि क्रमांक असतो. पाच-सहा बोटे लांबीच्या त्या चिठ्ठीची एक प्रत घरी, जमिनीच्या कागदांच्या पेटीतच, ठेवावी. पुढे पंधरा वर्षांनी गुडघा दुखू लागला आणि तेव्हाचा डॉक्टर बदली होऊन किंवा निवृत्त होऊन गेलेला असला, तर नव्या शल्यविशारदाला आत काय बसविले आहे हे त्या चिठ्ठीवरूनच कळेल.